चालीवरची फुली

कारभाऱ्याने काठीच्या टोकाने माझी सनई ओठांवरून खाली केली. हाताने नाही. हात लागला असता तर त्याला अंघोळ करायला लागली असती.

"ही चाल बंद कर," तो म्हणाला. "ही कंपनीची आहे."

सकाळची वेळ. कल्याणात एका भाताच्या व्यापाऱ्याकडे लग्न होतं. आम्ही मांडवाच्या बाहेर, जिथे लोक वहाणा काढतात त्याच्याही पलीकडे बसलेलो. मी सनईवर. माझा मेव्हणा शेजारी सूर धरून. त्याचा चुलता संबळावर. वऱ्हाड येत होतं. मी ती चाल नुकती धरलेली, आणि आतल्या बायकांचं बोलणं कमी झालेलं. चाल लागली की असं होतं. वाजवणाऱ्याला ते बघायला लागत नाही, पाठीला कळतं.

सनईची पत्ती लागून ओठातून रक्त आलं. मी म्हटलं, "कारभारी, ही मीच बांधलीय."

"बांधली असशील. आता तुझी नाही. कागद केलायस तू."

लग्नघरचा यजमान बाहेर आला. त्याला दारात भांडण नको होतं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "अरे, दुसरं काहीतरी वाजव ना. तुम्हाला काय, हे नाही तर ते."

आणि मी दुसरं वाजवलं.

एवढं सांगताना मला अजून जड जातं. काठीचं काही नाही. काठ्या लहानपणापासून बघितल्यात. मी दुसरं वाजवलं, त्याचं. दिवसभर वाजवत राहिलो. संध्याकाळी टोपलीत वरून टाकलेला भात घेतला आणि घरी आलो.

कंपनी म्हणजे नाटक कंपनी. पावसाळ्यात खेळ होत नाहीत, तेव्हा या मंडळ्या कुठेतरी मुक्काम करतात आणि नवं नाटक बसवतात. आधीच्या पावसाळ्यात ही कंपनी कल्याणात आलेली. काळ्या तलावाजवळ भाताची एक वखार रिकामी होती, ती त्यांनी घेतलेली. मालकांना सगळे तात्यासाहेब म्हणायचे. गोरे, शांत, आवाज कधी न चढवणारे. पदांचे शब्द ते स्वतः लिहायचे. मला त्यांनी एका वरातीत ऐकलं आणि निरोप धाडला.

आम्ही मांग. माझा बाप देशावरून खाली आला, तो कसाऱ्याच्या घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडत होते तेव्हा. तो सुरुंगाच्या कामावर होता. आय खडी फोडायची. घाट संपला, काम संपलं, आणि ते कल्याणात राहिले, खाडीकडच्या पडीक जमिनीवर. सनई बापाने शिकवली. चाली मात्र माझ्या मलाच सुचायच्या. कुठून, ते मला सांगता येत नाही.

तात्यासाहेबांनी मला अंगणात उभं केलं आणि समजावून सांगितलं.

"हे बघ. नायिका सज्जात उभी आहे. नवरा लढाईला गेलाय. आज येणार म्हणून निरोप होता, पण तो आलेला नाही. शब्द माझ्याकडे तयार आहेत. तू नुसती चाल दे."

अशी मागणी मला कोणी कधी केली नव्हती. लोक सांगायचे, जोरात वाजव. आवर. थांब. एका बाईच्या मनात काय चाललंय ते वाजव, असं कोणी म्हणालं नव्हतं. मला तात्यासाहेब देवमाणूस वाटले. हेही खरं सांगायला पाहिजे.

वखारीच्या मागच्या अंगाला एक खिडकी होती. खिडकीखाली गटार, गटाराच्या काठाला एक दगड. मी त्या दगडावर बसायचो. खिडकीच्या आत नाना बसायचा. नाना म्हणजे नायिकेचं काम करणारा नट, वीस-बावीस वर्षांचा, गळा असा की ऐकताना आपला श्वास अडकावा. मी वाजवायचो, तो आत गळ्यावर घ्यायचा. चुकला की मी परत वाजवायचो. पाऊस आला तर डोक्यावर गोणपाट. काम झालं की मी मागे न बघता निघायचो. एकदा वळून बघितलं तर गडी त्या दगडावर पाणी ओतत होता. सूर आत गेला त्याच्यावर कोणी पाणी ओतलं नाही.

सहा चाली झाल्या. नायिकेच्या त्या पदाला मात्र काही सुचेना. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मला आय आठवली. घाटात सुरुंग उडाला की आयचा हातोडा थांबायचा. ती बघत राहायची. धुरातून माणसं बाहेर यायची, एकेक करून. बाप दिसला की हातोडा परत सुरू. त्या थांबण्याची मी चाल केली. तिच्यात मध्ये एक जागा आहे, तिथे सूर येतो येतो म्हणता येत नाही.

नाना ती ऐकून खिडकीशी पुढे सरकला. मग म्हणाला, "ती जागा परत." दहा वेळा घेतली असेल त्याने.

काम संपल्यावर मी अंगणात जाऊन उभा राहिलो. "मालक, आमचं काय ते?"

"काय घेशील?" तात्यासाहेबांनी विचारलं.

मला सांगता येईना. लग्नाचं ठरलेलं असतं. दिवसाचं एवढं, वर शिधा. चालीचं कोणी कधी ठरवलंय?

ते हसले. कुत्सितपणे नाही, अगदी मायेने. "हीच तर अडचण आहे बघ. तांदूळ पायलीने मोजतात, कापड वाराने. चाल कशाने मोजायची? तोंडातून निघाली, हवेत गेली."

त्यांनी धोतरजोडी दिली, वर थोडे रुपये दिले. मी नमस्कार केला. कारभाऱ्याने एक कागद जमिनीवर ठेवला. "पावती आहे. मिळालं म्हणून." त्याने वाचून दाखवला नाही, मी विचारलं नाही. त्याने बोरूही जमिनीवर ठेवला. मी उचलला, आणि तो बोट दाखवत होता तिथे फुली मारली. बोरू परत ठेवायला गेलो तर म्हणाला, "राहू दे तुलाच."

मी तो घरी नेला. बायकोला दाखवला. "मालकांनी दिला," म्हटलं. खुशीत. बायकोने, ठकूने, तो कोनाड्यात ठेवला. तिला तेव्हाच कळलेलं तो का दिला ते. मला कळायला वर्ष लागलं.

नाटक चाललं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ मांडव घालून त्यांनी खेळ केले. आम्हाला आत जागा नव्हती. पण चाल मांडवात थोडीच राहते. ती बाहेर पडली. कल्याणच्या बंदरावर भाताची पोती उचलणारे ती गुणगुणायला लागले. एकदा ठाण्याला तलावाच्या काठी कचेरीतला एक कारकून पागोटं काखेत धरून ती म्हणत चाललेला. ती मधली जागा त्याला येत नव्हती. मी त्याच्या मागे वीस पावलं चाललो. सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. पण त्या दिवशी मी फार सुखात घरी आलो.

म्हणून तर त्या लग्नात मी ती धरली. लोकांना आवडतेय, आपलीच आहे, वाजवू. आणि कारभारी पाहुणा म्हणून तिथे आलेला.

त्या संध्याकाळी ठकूने माझा ओठ बघितला. मी सांगितलं.

"कागदात काय लिव्हलंय?" तिने विचारलं.

"पावती हाय."

"कुनी वाचली?"

मी ओठ पुसला.

"मंग हवालदाराकडं जावा."

हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, आमच्या वस्तीच्या पलीकडे राहायचे. ते महार, आम्ही मांग. त्यांच्यात आमच्यात पाणी चालत नव्हतं. आम्ही खालचे, आणि आमच्याही खाली कोणीतरी आहेच. ही उतरंड कुठे संपते ते मला माहीत नाही. पण हवालदारांकडे अक्षर चालायचं. पत्र आलं, दाव्याचा कागद आला, की कोणीही जायचं. ते ओट्यावर बसून वाचून द्यायचे.

त्यांच्याकडे त्या नाटकाच्या पदांचं पुस्तक होतं. कंपनी खेळाच्या वेळी ते विकायची. त्यांनी चष्मा लावला, पान काढलं. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत चाल कोणती ते छापलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "चाल स्वतंत्र. कंपनीच्या मालकांनी बांधलेली."

"परत वाचा," मी म्हटलं.

त्यांनी परत वाचलं. मग दुसरं पद. तिसरं. सातही ठिकाणी तेच. मागच्या पानावर छापलेलं की सगळे हक्क कंपनीने राखून ठेवलेत, परवानगीशिवाय कोणी काही वापरू नये.

"तू कागदावर काय केलंस?"

"फुली."

हवालदारांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "कंपनी आली की जाऊ. कागद ऐकायचा. तो तुझा हक्क आहे, तेवढा तरी आहे."

पंधरा दिवसांनी तात्यासाहेब आले. त्यांची मंडळी परत त्याच वखारीत उतरली. हवालदारांनी पलटणीचा कोट घातला, बिल्ला लावला, आणि आम्ही अंगणात जाऊन उभे राहिलो. हवालदारांनी सलाम केला आणि सरळ विचारलं, "साहेब, याने सही केलेला कागद याला वाचून दाखवावा."

तात्यासाहेब चिडले नाहीत. कारभाऱ्याला म्हणाले, "दाखव वाचून. आपल्याला लपवायचं काय आहे?"

कारभाऱ्याने पेटीतून कागद काढला. त्यात लिहिलेलं की ह्या सात चाली मूळ कंपनीच्या मालकांच्याच. मी त्या त्यांच्या सांगण्याप्रमाणे नुसत्या वाजवून दाखवल्या. त्याची मजुरी मला पोचली. यापुढे त्या चालींवर माझा, माझ्या वारसांचा कसलाही हक्क नाही, आणि कंपनीच्या परवानगीवाचून आम्ही त्या कुठे वाजवणार वा म्हणणार नाही.

"वारस म्हणजे?" मी हवालदारांना विचारलं.

"तुझी पोरं."

माझी मुलगी सोना तेव्हा रांगत होती. तिला अजून 'आय' म्हणता येत नव्हतं. आणि तिने काय म्हणायचं नाही ते त्या कागदावर लिहून ठेवलेलं होतं. तिच्या आजीचा थांबलेला हातोडा तिने म्हणायचा नव्हता. माझ्या फुलीने.

मला राग आला असं म्हणतात लोक अशा वेळी. मला राग नाही आला. मी खाली बसलो. कुठे बसतोय तेही बघितलं नाही, आणि कारभारी ओरडला, "अरे, तिथे नको, तुळशीजवळ!"

तात्यासाहेबांनी त्याला हाताने गप्प केलं. मला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. कागद हे असेच असतात. उलट मीच तुला बोलावणार होतो. नवं नाटक घेतलंय. आठ चाली हव्यात. ह्या खेपेस चांगलं देईन, तुझं वर्ष निघेल एवढं."

मी म्हटलं, "उद्या सांगतो."

हेही खरं सांगायला पाहिजे. मी नाही म्हटलं नाही. वर्ष निघेल, हे शब्द मी घरापर्यंत घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना आमच्या वस्तीत आला. वरच्या जातीचा माणूस तिथे आलेला मी कधी बघितला नव्हता. दहा पावलांवर उभा राहिला, धोतर वर धरून. मालकांनी विचारायला पाठवलेलं, पण तो दुसरंच बोलला.

"तुला माहीत नसेल," तो म्हणाला, "देशावरच्या एका नाटक मंडळीला मालकांनी आपल्या पदांची परवानगी दिलीय. दर खेळामागे ते मालकांना देतात. तुझ्या चाली आहेत म्हणून मागितली त्यांनी. शब्दांसाठी नाही."

"मग हे तुम्ही काल अंगणात का नाही बोललात?"

"माझंही पोट आहे रे."

तो गेल्यावर मी ठकूजवळ बसलो. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, तात्यासाहेब म्हणतात चाल मोजता येत नाही. आणि त्या दुसऱ्या मंडळीकडून तर मोजून घेतात.

ठकू भाकरी थापत होती. म्हणाली, "आपन बैल पेरनीला दिला म्हंजे बैल दिला का? पेरनी झाली की दावनीला परत येतो. दुसऱ्याच्या रानात न्यायचा तर धन्याला इचारत्यात. तुमी बैलच सोडून दिला. त्यांचा काय दोस, त्यांनी बांधला."

एवढं साधं होतं. आमच्याकडे कधी बैल नव्हता, म्हणून मला सुचलं नसेल.

मी सनई घेतली आणि वखारीवर गेलो. एकटाच. तात्यासाहेब ओटीवर बसलेले, कारभारी शेजारी. खिडकीत नाना.

मी म्हटलं, "आठ चाली देतो. पण माझ्या तीन गोष्टी. पुस्तकात पदावर माझं नाव छापायचं. चाली मी कुठंही वाजवणार. आणि दुसऱ्या मंडळीला परवानगी द्यायची तर मला विचारायचं, त्यातलं मला द्यायचं. मागच्या सातांनापण हेच."

तात्यासाहेब पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होते असं मला वाटलं. "पैशाचं बघता येईल," ते हळू म्हणाले. "पण नाव? अरे, विचार कर. पुस्तकावर मांगाचं नाव असलं तर लोक ते हातात धरतील का?"

"चाल तोंडात धरतात, मालक."

मग कारभारी उठला. "चल. नीघ. तुझ्यासारखे छप्पन्न सनईवाले मिळतील."

मी निघालो नाही. तिथेच अंगणात उभं राहून सनई तोंडाला लावली आणि ती चाल धरली. नायिकेची. कारभाऱ्याने काठी उचललेली मी बघितली. मी थांबलो नाही. तात्यासाहेबांनी त्याला आवरलं की तोच भ्याला, मला माहीत नाही. नाना खिडकीत उभा होता. मला वाटलं तो म्हणेल. एक ओळ तरी. नाही म्हणाला. मी ती शेवटपर्यंत वाजवली, मधल्या जागेसकट, आणि सनई फडक्यात गुंडाळून चालू लागलो.

कारभारी मागून ओरडला, "ठाण्याच्या कोर्टात खेचीन."

"खेचा," मी म्हटलं. "तिथेपण वाजवून दाखवतो."

कोर्टाचं काही आलं नाही. हवालदारांनी ठाण्याला एका वकिलाला विचारलेलं. तो म्हणाला, कायदा छापलेल्या शब्दांची राखण करतो, नुसत्या चालीचं त्यात काही नाही. म्हणजे तात्यासाहेबांची नाही आणि माझीही नाही. ऐकून मला हसायलाही आलं नाही.

कोर्टाची गरजच पडली नाही. कारभाऱ्याने कल्याणातल्या चार घरी सांगितलं की हा माणूस अंगावर येतो. लग्नं बंद झाली. त्या वर्षी एक. पुढच्या वर्षी एकही नाही. मेव्हणा मला सोडून गेला. जाताना म्हणाला, "तुझ्या नावापायी आमची भाकर गेली." त्याचं खोटं नव्हतं. मी रेल्वेच्या यार्डात कोळसा उपसायला लागलो. ठकू खाडीपलीकडे मिठागरात जायची, तिच्या पायांना पडलेल्या भेगा पुढे कधी भरल्या नाहीत.

कंपनीला विठ्ठलवाडीकडचा एक सनईवाला मिळाला. मी त्याला जाऊन सांगितलं, कागदात काय असतं ते. तो म्हणाला, "तुझं पोट भरलंय का आता? मग मला शिकव." त्याने फुली मारली. मी त्याला वाईट म्हणत नाही.

एवढं मात्र केलं. यार्डातून सुटलो की हवालदारांच्या ओट्यावर बसायचो. तिशी उलटलेला माणूस पाटीवर 'क' काढत होता आणि पोरं हसत होती. दोन वर्षांत वाचायला लागलो. सोना जरा मोठी झाल्यावर तिलाही नेऊन बसवलं. लोक म्हणाले, मांगाची पोर, त्यात मुलगी, करणार काय? मी म्हटलं, कागद वाचील.

आता सोना सतरा वर्षांची आहे. लग्न करून दिलेलं, डोंबिवली गावाकडे. नवरा पटकीत गेला, ती परत आली. माझ्याहून तिचा गळा खोल आहे. मिठागरातल्या बायकांना ती गाणी बांधून देते, शब्दही तिचे, चालही तिची. मी मध्ये बोलत नाही.

गेल्या महिन्यात ठाण्याहून एका नव्या मंडळीचा माणूस आला. मिठागरात त्याने तिची एक चाल ऐकलेली. दारात उभा राहून त्याने रक्कम सांगितली. माझ्या यार्डातल्या तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त. खिशातून कागदही काढला.

सोनाने हात धुतले, कागद मागितला. तो तिच्याकडे बघत राहिला. तिने तो सबंध वाचला, तिच्या पद्धतीने, ओठ न हलवता. मग म्हणाली, "नाव नाही यात."

"कोणाचं?"

"माझं."

तो हसला. "बाईमाणसाचं नाव? ते पण... अगं, रक्कम बघ तरी."

सोनाने माझ्याकडे बघितलं. घरात त्या दिवशी नुसती पेज होती, ते तिला माहीत होतं, मलाही होतं. ठकू चुलीजवळ बसून दोघांकडे बघत होती. मी तोंड उघडलं नाही. चाल तिची, बोलायचं तिने.

"मग नाही," ती म्हणाली आणि कागद त्याच्या हातात दिला. जमिनीवर नाही ठेवला. त्याला तो हातातूनच घ्यायला लागला.

तो बांधापर्यंत गेला, तिथे थांबून त्याने एकदा वळून बघितलं. आम्ही बोलावतो का ते बघत असावा. आमच्यापैकी कोणी बोलावलं नाही.

मी थकलोय. छातीत कोळसा बसलाय, सनई दोन दमांत संपते. कोणाचं मन पालटेल असं मला वाटत नाही, आणि कायदा आमच्यासाठी काही लिहील याची मी वाट बघत नाही. पण नावावाचून ह्या घरातून आता एकही चाल बाहेर जाणार नाही. माझी नाही, तिची नाही, पुढे तिला पोरं झाली तर त्यांचीही नाही. त्यासाठी उपाशी राहायला लागलं तर राहू. ते आम्हाला येतं.